अंगावर बेतलेलं घर

एकसष्ट वर्षांच्या मास्तरीणबाईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात त्या कोवळ्या वयात काज-बटणं करायला लागल्या, आणि पस्तिशीला पोचेपर्यंत तिथल्या पहिल्या बाई कटिंग मास्टर झाल्या. त्या दिवसापासून कारखान्यात, इमारतीत, नात्यागोत्यात त्या मास्तरीणबाईच. कापडाचे साठ-साठ थर एकावर एक अंथरायचे, वर कागदी पॅटर्न मांडायचे, खडूने रेघ मारायची आणि कापायचं. एक रेघ चुकली की साठ सदरे वाया. बाईंची रेघ चुकत नसे. नव्याने लागलेल्या मुलींना त्या पहिल्याच दिवशी बजावत, "चित्र बघून कापड कापायचं नाही. पूर्ण मापाचा कागद हातात आल्याशिवाय कात्रीला शिवायचं नाही."

त्यांचे यजमान आप्पा लिफ्ट दुरुस्त करायचे. शहरातल्या कितीतरी उंच इमारतींच्या लिफ्ट त्यांच्या हाताखालून गेलेल्या. माणूस मोठा गप्पिष्ट. लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना बाहेर काढेपर्यंत ते बाहेरून विनोद सांगत बसायचे, आणि सुटका झाल्यावर लोक घाबरून नाही, हसत बाहेर यायचे. पण निवृत्तीला वर्ष व्हायच्या आत त्यांना झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. बोलणं शाबूत राहिलं, विनोदही शाबूत राहिले, चालणं मात्र गेलं. चाकाची खुर्ची घरात आली. उजव्या हाताने चाक ढकलायचं आणि उजव्या पायाने जमीन मागे सारायची, असं करत आप्पा घरात फिरायला शिकले.

घर तिसऱ्या मजल्यावर. पुढे हॉल आणि स्वयंपाकघर, मागे नवरा-बायकोची खोली, मधे एक अरुंद पॅसेज. मागच्या खोलीतून पॅसेजमध्ये आलं की डाव्या हाताला मुलगा-सुनेची खोली, उजव्या हाताला बाथरूम. बाथरूमचं दार चोवीस इंचांचं होतं आणि आप्पांची खुर्ची पंचवीस इंचांची.

या एका इंचाने घराच्या नाकी नऊ आणले. दारापाशी खुर्ची थांबवायची, कोणीतरी आप्पांना काखेत धरून उभं करायचं, दोन पावलं आत न्यायचं. धरणारा माणूस दारातच अडकलेला, त्यामुळे दार लागायचं नाही. म्हणून तिथे पडदा लावला होता. फुलाफुलांचा, छानसा. आप्पांना त्या पडद्याचा राग होता, पण ते तसं कधी बोलले नाहीत.

मास्तरीणबाईंना ते कळलं ते पाण्याच्या तांब्यावरून. सकाळी कारखान्यात जाताना त्या आप्पांच्या उशाशी तांब्या भरून ठेवत. एकदा संध्याकाळी आल्या तर तांब्या भरलेला. दुसऱ्या दिवशीही भरलेला. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "अहो, दिवसभर पाणी पीत नाही का तुम्ही?"

"तहान लागत नाही," आप्पा म्हणाले.

"ओठ फुटलेत तुमचे."

आप्पांनी खिडकीबाहेर बघितलं. मग हळूच म्हणाले, "दुपारी घरात सूनबाई एकटी, कॉम्प्युटरवर नोकरीचं काम करत असते. तिला किती वेळा हाक मारू? पोरगी काही म्हणत नाही गं. पण मला लाज वाटते."

बाईंनी भरलेला तांब्या उचलला. त्या स्वयंपाकघरात गेल्या, नळ सोडला आणि नळाच्या आवाजात दोन मिनिटं रडून घेतलं. मग तोंड धुतलं, बाहेर आल्या आणि मुलाला म्हणाल्या, "हे घर बदलायचं. आता लगेच."

मुलगा विमा कंपनीत नोकरीला होता. हिशेबी, शांत, थोडा घाबरट. पण आईचा तो आवाज त्याने ओळखला. आठवड्याभरात त्याने ओळखीतून एक आर्किटेक्ट शोधली. मुलगी तिशीच्या आतबाहेरची, चुणचुणीत, खांद्याला मोठी बॅग. तिने घरभर फिरून मापं घेतली, फोटो काढले, आप्पांशी गप्पा मारल्या. पंधरा दिवसांनी ती टॅबलेट घेऊन आली आणि सगळे हॉलमधल्या सोफ्यावर तिच्याभोवती गोळा झाले.

चित्रं बघून सगळ्यांचे डोळे दिपले. बाथरूमला पांढऱ्याशुभ्र फरश्या, भिंतीला चकचकीत आधाराचा दांडा, पॅसेजमध्ये छतातून येणारा मंद उजेड. दार चांगलं अडीच फुटांच्या वर रुंद. मागच्या खोलीत एका भिंतीभर कपाट.

"वा!" सून म्हणाली. "आई, हॉटेलसारखं दिसतंय."

"आणि माझं टेबल?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

मागच्या खोलीत बाथरूमच्या भिंतीला लागून त्यांचं कटिंगचं टेबल होतं. सहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद, जाड लाकडाचं. शेजारपाजारचे कपडे त्या त्याच्यावर बेतायच्या.

"काकू, तिथे आपण भिंतीला घडीचं टेबल करू," आर्किटेक्ट म्हणाली. "हवं तेव्हा उघडायचं."

बाईंनी मान डोलावली. चित्रात काहीतरी खटकत होतं, पण काय ते सांगता येत नव्हतं. टेबलाचं नव्हतं ते, दुसरंच काहीतरी. त्या चित्राकडे बघत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "पोरी, याचा पूर्ण मापाचा कागद आहे का?"

"पूर्ण मापाचा म्हणजे?"

"म्हणजे घराएवढा."

मुलगा हसला. सूनही हसली. आर्किटेक्ट मात्र नम्रपणे म्हणाली, "काकू, घराएवढा कागद कोणी काढत नाही. हा बघा ना, प्रमाणात आहे. एक फूट म्हणजे इथे एवढं."

"आई, तू कशाला त्यात डोकं घालतेस?" मुलगा म्हणाला. "त्या शिकलेल्या आहेत."

बाईंना ते लागलं, पण त्यांनी वाद घातला नाही. वाद घालण्यापेक्षा मोजणं बरं, असा त्यांचा स्वभाव.

पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता मास्तरीणबाई इमारतीच्या पार्किंगमध्ये उतरल्या. काखेत तपकिरी कागदाची गुंडाळी, गळ्यात टेप, पिशवीत चार रंगांचे खडू. आदल्या दिवशीच त्यांनी तीन बिऱ्हाडांच्या पायऱ्या झिजवून गाड्या रस्त्यावर लावायला सांगितल्या होत्या. मास्तरीणबाईंनी ज्याच्या मुलांचे गणवेश बेतले नाहीत असं घर त्या इमारतीत नव्हतं, त्यामुळे कोणाची नाही म्हणायची टाप नव्हती.

सून मदतीला आली. एकीने टेप धरायची, दुसरीने रेघ मारायची. नकाशावरचं प्रत्येक माप फुटा-इंचात मोजत दोघींनी जमिनीवर घर काढलं. भिंतींना पांढरा खडू, दारांना लाल. कपाट म्हणून खोके मांडले, बाथरूममधल्या कमोडच्या जागी प्लास्टिकचं स्टूल, बेसिनच्या जागी उलटी बादली. नऊ वाजेपर्यंत सिमेंटच्या जमिनीवर अख्खं घर उमटलं होतं, छत तेवढं नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ स्कूटर काढायला आले आणि सरळ आडवे चालू लागले. सून ओरडली, "काका, दारातून या! भिंतीतून काय येताय?" गृहस्थ दचकून मागे सरले आणि खरोखरच लाल रेघेवरून वळसा घालून गेले. मग बघे जमायला वेळ लागला नाही.

सुनेने फोन करून आर्किटेक्टलाही बोलावलं होतं. ती आली, पार्किंगच्या तोंडाशीच थबकली आणि तिचं तोंड उघडं राहिलं. "काकू, हे तुम्ही…"

"थांब, अजून कापड अंगावर चढायचंय," बाई म्हणाल्या. "आप्पांना खाली आणा."

मुलगा आप्पांना लिफ्टमधून घेऊन आला. आप्पांनी ते खडूचं घर बघितलं आणि खूश झाले. "अरे वा, तळमजल्यावर आलो की काय आपण? बरं झालं, लिफ्टची कटकट गेली."

"अहो, मागच्या खोलीत पलंगापाशी थांबा," बाई म्हणाल्या. "समजा, तुम्हाला बाथरूमला जायचंय. जा. कोणी हात लावायचा नाही."

आप्पांनी उजवं चाक ढकललं, पाय मारला, खोलीच्या दारातून पॅसेजमध्ये आले. इथवर छान. मग त्यांना उजवीकडे वळायचं होतं. उजवं चाक ढकललं की खुर्ची डावीकडे जाते. उजवीकडे वळायचं तर नुसत्या पायाने ओढून ओढून वळावं लागतं आणि वळण मोठं होतं. खुर्ची तिरकी झाली. डावं चाक मुलाच्या खोलीची पांढरी रेघ ओलांडून पलीकडे गेलं.

"भिंत पाडली मी," आप्पा म्हणाले. लोक हसले.

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी पायाची पट्टी बाथरूमच्या चौकटीवरून गेली. तिसऱ्या वेळी पुन्हा मुलाची भिंत. आता कोणी हसलं नाही. आप्पाही नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

मास्तरीणबाई पुढे झाल्या. त्यांनी बादली सुलट केली, पाणी आणलं आणि खुर्चीच्या चारही चाकांवर ओतलं. "आता परत जा. हळू. चुकलं तरी चालेल, मला चुकलेलंच बघायचंय."

ओल्या चाकांनी जमिनीवर आपली वाट काढली. पांढऱ्या रेघांवरून ती वाट खुशाल इकडून तिकडे गेली होती. आर्किटेक्ट गुडघे टेकून खाली बसली. तिने बॅगेतून स्वतःचा टेप काढला आणि पाणी वाळायच्या आत चाकांच्या खुणा मोजायला लागली.

"काकू," ती शेवटी म्हणाली, "मी पुस्तकातली मापं घेतली होती. खुर्ची वळायला इतकी जागा, दार इतकं. पण ती मापं दोन्ही हातांनी खुर्ची चालवणाऱ्याची आहेत."

"आणि दांडा तू डाव्या भिंतीला दिलायस," बाई म्हणाल्या. "त्यांचा डावा हात उचलत नाही. दाराची मूठही डावीकडेच. तुझं काही चुकलं नाही पोरी, काम नीटस आहे. पण हे रेडिमेड आहे. मला यांच्या अंगावर बेतलेलं हवंय."

दुसरी कोणी असती तर तिला राग आला असता. ही मुलगी उठली, हात झटकले आणि म्हणाली, "मग बेतू या. पण दोन गोष्टी हलणार नाहीत, आधीच सांगते. कमोड आहे तिथेच राहील, कारण खाली पाइप तिथे आहे. आणि कोपऱ्यातल्या खांबाला हात लावायचा नाही."

"हे बरं झालं," बाई म्हणाल्या. "काय हलत नाही ते कळलं की बाकीचं मांडता येतं."

तो आठवडा मास्तरीणबाईंनी डोकं फिरल्यासारखा काढला. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याचं कटिंगचं टेबल रिकामं असायचं. चोवीस फूट लांब टेबल. मालकाला विचारून त्यांनी त्यावर आपली मागची खोली, पॅसेज आणि बाथरूम मांडलं, जेवढं मावेल तेवढं. तपकिरी कागदाचा पलंग, कागदाचं कपाट, कागदाची खुर्ची. कमोड आणि खांबाच्या जागी लोखंडी वजनं. हाताखालच्या मुली डबे खाता खाता बघायला यायच्या.

"बाई, पॅसेज मोठा केला तर?" एकीने सुचवलं.

"तर मुलाच्या खोलीत पलंग मावत नाही."

"बाथरूम मोठं केलं तर?"

"मग पॅसेज उरत नाही."

इकडून ओढलं की तिकडे उघडं पडत होतं. बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी दुपारी सुट्टी संपली म्हणून बाईंनी कागद गुंडाळले आणि एका शाळेच्या सदऱ्यांची मांडणी करायला घेतली. कापड कमी होतं, कॉलरचे तुकडे काही केल्या मावेनात. त्यांनी सवयीने कॉलर उचलली, उलटी फिरवली आणि बाहीच्या खोलगट जागेत बसवली. चपखल बसली. आणि बाईंचा हात तसाच थांबला.

आपण इतके दिवस वळण मोठं करायच्या मागे लागलोय. वळण हवंच कशाला?

संध्याकाळी घरी आल्या त्या चपलाही न काढता मागच्या खोलीत गेल्या. पलंगापासून समोरच्या भिंतीपर्यंत टेप धरला. समोरची भिंत म्हणजे बाथरूमचीच भिंत. दार पॅसेजमधून न घेता या भिंतीतून घेतलं, तर पलंगापासून कमोडपर्यंत एक सरळ रेघ होत होती. आप्पांना डावीकडे वळायचं नाही, उजवीकडे वळायचं नाही. सरळ आत, सरळ बाहेर. पॅसेजमधलं जुनं दार बाकीच्यांसाठी आहे तसंच राहील.

फक्त त्या भिंतीला लागून त्यांचं टेबल उभं होतं. घडीचं टेबलही तिथे आता लागणार नव्हतं, कारण तिथे भिंतच उरणार नव्हती. बाईंनी टेबलावर हात टेकले. अठ्ठावीस वर्षांच्या कात्रीच्या खुणा होत्या त्यावर. मग त्यांनी टेप गुंडाळला.

रविवारी आर्किटेक्ट आली तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर कागद पसरला. आर्किटेक्ट एकदा कागदाकडे बघे, एकदा भिंतीकडे. भिंतीवर बोटाने टकटक केलं, खांबापासूनचं अंतर मोजलं. "ही भार घेणारी भिंत वाटत नाही," ती म्हणाली. "इंजिनिअरला दाखवून खात्री करते. पण काकू, माझ्या डोक्यात हे कसं आलं नाही?"

"टेबलाचं काय?" आप्पांनी विचारलं.

"काढून टाकू," बाई सहज बोलल्यासारखं बोलल्या. "कारखान्यात मोठं आहेच. घरी आता कोणाचं काय कापायचंय मला?"

आप्पांचा चेहरा लाल झाला. झटका आल्यापासून त्यांचा आवाज कधी चढला नव्हता, तो आता चढला. "टेबल जाणार असेल तर मला काही नको! पडदाच राहू दे!"

"अहो, असं काय करता?"

"मी आजारी पडलोय, तू नाही. माझ्या दारासाठी तुझं टेबल गेलं तर रोज आत जाताना मला तेच दिसेल. मला नाही चालायचं."

मुलगा मधे पडायला गेला. तेवढ्यात सून उठली. ती ज्यावरून उठली तो सोफा तिने लग्नानंतर पहिल्या पगारातून हौसेने घेतला होता. भलामोठा, हॉलची खिडकीकडची बाजू अडवून बसलेला. तिने वाकून त्याची लांबी हातानेच मोजली.

"आई, टेप द्या जरा."

सव्वासहा फूट भरला.

"सोफा काढू," सून म्हणाली. "खिडकीचा उजेड आहे, पंखा आहे. टेबल इथे मांडू. चार खुर्च्या ठेवल्या की त्याच्यावरच जेवता येईल."

"अगं, तुझ्या आवडीचा सोफा आहे तो," बाई म्हणाल्या.

"आवडीचा आहे, पण बसतं कोण त्यावर? इस्त्रीचे कपडे!"

"पण आलेला माणूस काय म्हणेल, हॉलमध्ये कात्र्या नि खडू?"

"म्हणेल, या घरात कटिंग मास्टर राहतात," सून म्हणाली. "तुमचं टेबल मागे कशाला लपवायचं? मला तर आल्या दिवसापासून वाटायचं, ते पुढे असावं. पण बोलणार कशी? नवीन होते ना."

मास्तरीणबाईंनी सुनेकडे बघितलं. चार वर्षं एका घरात राहून ही पोरगी आपल्याला आज पहिल्यांदा नीट दिसली, असं त्यांना वाटलं. आप्पा खुर्चीतून म्हणाले, "ठराव पास. कोणाची हरकत?" कोणाचीच नव्हती.

इंजिनिअर येऊन बघून गेला आणि त्याने होकार दिला. तीन आठवडे सगळ्यांनी आप्पांच्या बहिणीकडे मुक्काम केला. बाई मात्र रोज कामावरून सुटल्या की आधी घरी जाऊन डोळ्यांत तेल घालून काम बघायच्या. मिस्त्री जुना, अनुभवी माणूस. पहिल्या दिवशी त्याने आर्किटेक्टचा नकाशा मागितला, तर बाईंनी त्याच्या हातात सात फूट उंचीचा कागद दिला.

"हे काय, बाई?"

"दाराचा पॅटर्न. भिंतीवर चिकटवा आणि रेघेवरून कापा. कडेने ही जी दुसरी रेघ आहे ती माया. चौकट आणि प्लास्टर त्यात बसेल."

"माया?"

"शिवणीसाठी जास्तीचं कापड सोडतात ना, ते. घट्ट बेतलं की उसवतं."

मिस्त्रीने कागद भिंतीवर लावला, मागे सरून बघितला आणि हसला. "इतकी वर्षं या धंद्यात आहे, मला असं हातात आणून कोणी दिलं नाही. नाहीतर कागदावर एक, तोंडाने दुसरं, आणि तोडल्यावर तिसरंच."

पण दांड्याच्या वेळी दोघांची जुंपली. मिस्त्री म्हणे, दांडा नेहमी ठरलेल्या उंचीवर बसतो, आजवर शंभर बसवले. बाई म्हणाल्या, मग हा एकशे एकावा वेगळा बसवा. त्यांनी आप्पांना खुर्चीत बसवून कोपरापासून जमिनीपर्यंतचं माप घेतलं होतं, आणि उठताना त्यांचा हात किती पुढे जातो तेही कागदावर उतरवलं होतं. दांडा नेहमीपेक्षा चांगला दोन इंच खाली आणि जरा तिरका येत होता. मिस्त्री पुटपुटत राहिला. शेवटी बाईंनी बहिणीच्या घरून आप्पांनाच बोलावून घेतलं. खुर्ची आत आली, मिस्त्रीने दांडा हाताने भिंतीला धरला, आधी आपल्या उंचीवर, मग बाईंच्या. पहिल्या वेळी आप्पा अर्धे उठले आणि बसले. दुसऱ्या वेळी उठले ते उठलेच. मिस्त्रीने कानामागची पेन्सिल काढली आणि बाईंच्या उंचीवर खूण केली.

घर तयार झालं त्या रविवारी सगळे परत आले. रंगाचा वास अजून गेला नव्हता. हॉलमध्ये खिडकीखाली ते जुनं टेबल घासूनपुसून मांडलेलं, त्यावर उजेडाचा चौकोन पडलेला. आर्किटेक्टही आली होती. चहा झाला. आप्पांनी चहा घेतला, त्यावर पाणी मागितलं, मग आणखी एक पेला मागितला. बाईंनी तो काठोकाठ भरून दिला.

थोड्या वेळाने आप्पा म्हणाले, "आलोच मी."

खुर्ची पॅसेजमधून मागच्या खोलीत गेली. हॉलमध्ये सगळे उगीचच बोलायला लागले. मुलगा फरशीच्या रंगाबद्दल बोलला, आर्किटेक्ट नळाच्या तोट्यांबद्दल. मग मागून सरकत्या दाराचा आवाज आला, आणि त्यानंतर कडी. आतून लावलेली कडी.

बोलणं आपोआप थांबलं. मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. मुलगा अस्वस्थ होऊन उठायला लागला. बाईंनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. "बस. कोणी जायचं नाही."

अकरा मिनिटांनी कडी निघाली. आप्पा खुर्ची चालवत हॉलमध्ये आले. शर्टाची बाही ओली, केस पाण्याने विंचरलेले, चेहऱ्यावर एखादी नवी लिफ्ट तपासून सही करून आलेल्या माणसाचा रुबाब. "दार नीट लागतंय," ते म्हणाले. "चालू करायला हरकत नाही."

सून हसता हसता रडायला लागली. मुलाने चष्मा पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत बसला. मग तो आईजवळ आला. "आई, मी तेव्हा म्हटलं होतं ना, तू कशाला डोकं घालतेस…"

"म्हटलं होतंस," बाई म्हणाल्या. "परत म्हणू नकोस म्हणजे झालं."

त्यानंतर महिन्याभराने आर्किटेक्टचा फोन आला. तिच्याकडे एक कुटुंब आलं होतं. त्यांच्या आजींचं कमरेचं ऑपरेशन झालेलं, आणि घर तसं बदलायचं होतं. नुसती चित्रं दाखवून त्यांना समजेना, तेव्हा तिने विचारलं, "काकू, एकदा तुमचं घर दाखवायला त्यांना आणू का?"

"आण की."

पाहुणे आले. आजींची मुलगी पन्नाशीची होती, चेहरा थकलेला. तिने घर बघितलं. सरळ रेघेतलं दार, उजव्या हाताची मूठ, आप्पांच्या कोपराच्या उंचीचा दांडा. आप्पांनी स्वतः आत जाऊन, कडी लावून, परत येऊन दाखवलं. एकदा नाही, दोनदा. हौस दांडगी. मग ती पाहुणी हॉलमध्ये आली आणि आर्किटेक्टला म्हणाली, "फार विचार करून केलंय हो. डिझाइन तुमचंच ना?"

मुलगा तोंड उघडणार होता. सुनेने त्याला कोपराने ढोसलं. आर्किटेक्ट म्हणाली, "माझं नाही. मी फक्त सही केली. यांचं आहे."

सगळ्यांच्या नजरा मास्तरीणबाईंकडे वळल्या. कारखान्यात कोणी कौतुक केलं की त्या 'छे हो, सगळ्यांनी मिळून केलं' असं म्हणून बाजूला व्हायच्या. बेचाळीस वर्षांची सवय होती ती. आज तेच शब्द ओठांवर आले. पण टेबलाच्या पलीकडे आप्पा मान ताठ करून बसले होते, जणू स्वतःचंच नाव पुकारलं जाणार आहे.

"हो," मास्तरीणबाई म्हणाल्या. "माझं आहे. बसा. आधी मला सांगा, तुमच्या आई उठताना कोणत्या हातावर भार देतात?"

आणि त्यांनी टेबलावर कोरा कागद पसरला.